ओल्या बाळंतिणीच्या घरी जाताना : नव्या सखींसाठी कामाची पद्धत

बाळ बघायला आलेली माणसं बाळ बघतात. नाक कुणावर गेलंय याची चर्चा होते, दुपट्याखाली नोट सरकवली जाते, चहा होतो. बाळंतिणीला एकच प्रश्न असतो : "दूध पुरतंय ना?" ती मान हलवते आणि विषय संपतो. त्या मान हलवणाऱ्या बाईसाठी त्या घरात पुन्हा पुन्हा जायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. महिला मंडळ, बचत गट, सोसायटीतल्या चौघीजणी, निवृत्त नर्स, समाजकार्याचे विद्यार्थी, कुणीही असा. अशी भेटीला जाणारी स्वयंसेविका म्हणजे इथली 'सखी'.

बाळंतपणानंतरचं नैराश्य बरं करणं हे स्वयंसेवकाचं काम नव्हे, हे आधीच डोक्यात पक्कं करा. ठरल्या वारी ठरल्या वेळी जायचं, तिला एकटीला दहा मिनिटं बोलता येईल असं बघायचं, तिच्या झोपेची सोय लावायची आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. ऐकायला हे फारच साधं वाटतं. करायला बसलं की यातली दहा मिनिटं मिळवणं सगळ्यात अवघड जातं.

हा त्रास शहरी, शिकलेल्या बायकांचे चोचले आहेत असं कुणी म्हणालं तर त्यांना गोव्याचं उदाहरण द्या. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के जणींमध्ये नैराश्य आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं आणि मुलीचा जन्म ही त्यामागची ठळक कारणं निघाली. त्याच गोव्यात पुढे साध्या शेजारणींना शिकवून गरोदर आणि बाळंत बायकांकडे पाठवण्याचा प्रयोग झाला. त्या शेजारणींना 'सखी'च म्हणत. प्रत्येक आईला सहा ते चौदा भेटी, एक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा फायदा दिसला, पण माफक. तो माफकपणा लक्षात ठेवा. चार भेटींत फरक पडला नाही म्हणून वैतागणारे स्वयंसेवक पाचव्या भेटीला जात नाहीत.

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

पहिली, बाळंतपणानंतरचं रडू. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास कारण नसताना डोळे भरून येतात, चिडचिड होते, लगेच हसूही येतं. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं आणि दहा-चौदा दिवसांत आपोआप ओसरतं. यात विश्रांती, डबा आणि धीर एवढंच पुरतं.

दुसरी, नैराश्य. दोन आठवडे उलटून गेले तरी उदासी हटत नाही, बाळाकडे बघून काही वाटत नाही, किंवा उलट बाळाची इतकी धास्ती वाटते की ती क्षणभर त्याला खाली ठेवत नाही. 'मी आई व्हायच्या लायकीची नाही' हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतं. हे पहिल्या महिन्यात दिसू शकतं, तसंच सहाव्या-आठव्या महिन्यातही. घरातले याला अशक्तपणा, बाळंतवात, दृष्ट किंवा 'बाहेरचं' म्हणतात. त्या शब्दांवर वाद घालू नका. "वात असेल तर असेल, पण झोप नाही, जेवण नाही, हे डॉक्टरांना दाखवायला काय हरकत आहे?" एवढ्यावर बहुतेक सासवा तयार होतात.

तिसरी, बाळंतपणानंतरची सायकोसिस, म्हणजे भ्रम-भास होऊन भान सुटणं. ही दुर्मीळ आहे, हजार बाळंतिणींमागे एक-दोन. पण ती पटकन जिवावर बेतू शकते. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच एकाएकी सुरू होते. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नसतो आणि तरीही ती थकलेली दिसत नाही, सुसाट बोलत सुटते, असंबद्ध बोलते, कुणी बाळ बदललंय असा संशय घेते, न दिसणाऱ्या माणसांशी बोलते, घटकेत गोंधळते आणि घटकेत नीट वागते. 'सकाळी तर बरी होती' म्हणून घरचे थांबतात आणि तिथेच घात होतो. यात वाट बघायची नसते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नेमकं काय करायचं ते पुढे आहे.

गट कसा बांधायचा

सुरुवातीला सहा ते आठ जणी पुरेत. एक समन्वयक, बाकीच्या भेटीला जाणाऱ्या. एका सखीकडे एका वेळी दोनच माता. तिसरी घेतली की पहिलीचा वार चुकायला लागतो, आणि वार चुकणं हे या कामातलं सगळ्यात महागडं पाप आहे. जी बाई 'आपण कुणालाच नको आहोत' असं मानून बसली आहे, तिच्याकडे बुधवारी येते म्हणून तुम्ही गुरुवारीही गेला नाहीत, तर तिच्या मनातली गोष्ट तुम्ही खरी करून दाखवता.

सखी कशी असावी? मूल वाढवलेली, त्याच वस्तीची बोली बोलणारी, ऐकताना जीभ आवरणारी. नात्यातली किंवा भाऊबंदकीतली नको. शेजारच्या दारातली शक्यतो नको, दोन गल्ल्या पलीकडची बरी. जिने स्वतः हा आजार काढलाय ती फार मोलाची असते, पण बरं होऊन वर्ष तरी झालेलं असावं. आणि उपदेशाची हौस असलेल्या काकूंना डब्याच्या कामाला लावा. तेही खरंच लागतं, त्यांचा अपमान होत नाही आणि आईचे कान वाचतात.

शिकवणीला चार रविवार, दर वेळी तीन तास धरा. त्यातला निम्मा वेळ बोलण्याचा सराव करायचा : एकीने आई व्हायचं, दुसरीने सासू, तिसरीने सखी. 'आत्महत्या' हा शब्द तोंडातून न अडखळता निघेपर्यंत सराव थांबवू नका. त्यानंतर दोन भेटी अनुभवी सखीबरोबर, आणि मग एकटीने.

काम सुरू करायच्या आधी तीन ठिकाणी जाऊन या. एक, गावच्या किंवा वॉर्डातल्या आशाताई, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सबाई) आणि अंगणवाडीताई. त्यांना डावलून गेलात तर तुम्ही त्यांच्या हद्दीत घुसलात असं होतं, आणि रागही बरोबरच असतो. दोन, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथेच बसतात. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी, किती वाजता, केसपेपर कुठल्या खिडकीवर, औषधं तिथेच मिळतात का, हे स्वतः विचारून लिहून आणा. तीन, जवळचा प्रसूती विभाग. तिथल्या नर्सबाईंना तुमचा फोन नंबर माहीत असला की अर्धं काम झालं.

आई सापडते कुठे

दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. पुढे बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी भेट असते. या भेटींत भर वजनावर, नाळेवर, दुधावर असतो. आईच्या मनाचं विचारायला वेळ उरेलच असं नाही. चौदाव्या दिवसानंतरच्या कुठल्याही भेटीला तुम्ही सोबत जाऊ शकलात तर ओळख सहज होते.

आपल्याकडची मोठी गळती मात्र वेगळीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या आशाताईंच्या वहीत, बाई माहेरच्या गावात. मग सव्वा महिना किंवा तीन महिने झाले की ती बाळ घेऊन सासरी परतते. इथे आईची ऊब संपते आणि धुणं, स्वयंपाक, पाणी, पाहुणे सगळं एकदम अंगावर येतं. नैराश्य उघडं पडतं ते बहुतेकदा याच वळणावर, आणि नेमक्या याच वेळी माहेरची वही बंद झालेली असते, सासरची उघडलेली नसते. म्हणून माहेरी आलेल्या प्रत्येक बाळंतिणीला परत कधी जाणार आणि कोणत्या गावाला, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

शहरात आई सापडायची खात्रीची जागा म्हणजे लसीकरण. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसला ती बाळ घेऊन येतेच. रांगेत अर्धा तास बसलेली असते आणि बरेचदा नवरा गाडी लावायला गेलेला असतो.

पहिली भेट

वेळ सकाळी अकरा ते बारा किंवा दुपारी चार-साडेचार. बाळाची अंघोळ-मालिश-धुरी चालू असताना कुणी आलेलं खपत नाही आणि दुपारी दोन वाजता सगळं घर आडवं झालेलं असतं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. अत्तर लावू नका. गेल्यावर हात साबणाने धुवायला पाणी मागा. त्यानेच सासूबाई निम्म्या जिंकल्या जातात.

पहिली पंधरा मिनिटं सासूबाईंची. हे ढोंग नाही, ती गरज आहे. त्याही रात्री जागतायत, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि त्यांच्या बाळंतपणात कुणी त्यांना विचारलेलं नसतं. "मावशी, तुमची झोप होते का?" एवढं विचारा आणि ऐका. घराच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत.

मग बाळंतिणीकडे. खुर्ची दिली तरी तिच्या उंचीवर बसा, ती गादीवर असेल तर जमिनीवर. बाळाला लगेच घेऊ नका. वाळलेल्या लंगोटांचा आणि दुपट्यांचा ढीग कोपऱ्यात असतोच. तो ओढून घड्या घालायला लागा. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि जे डोळ्यांत बघून बोलवत नाही ते लंगोटाच्या घडीकडे बघत बोललं जातं. दोन-चार घड्या गप्पपणे होऊ द्या. नंतर म्हणा, "रात्री किती वेळा उठावं लागतं गं?" कुठल्याही घरात हा प्रश्न उघडपणे विचारता येतो. पुढचा प्रश्न खरा कामाचा : "आणि बाळ झोपलं की तुला झोप लागते का?" बाळ शांत झोपलंय, घरही शांत आहे आणि तरी ती छताकडे बघत पडून राहते, असं उत्तर आलं की कान टवकारा. थकलेली आई संधी मिळताच झोपते. जिला संधी मिळूनही झोपता येत नाही तिचं दुखणं वेगळं आहे.

एकांत मागून मिळत नाही, तो जमवावा लागतो. "मावशी, चहा टाकता का, साखर कमी" हा जुना उपाय आहे आणि अजून चालतो. दोन सखी मिळून जाणं त्याहून बरं : एक ओट्यावर सासूबाईंशी बाळगुटीच्या गप्पा मारते, दुसरी आत बसते. तिसरी वाट म्हणजे तिला घेऊन दारात उन्हात बसणं. 'बाळंतिणीला वारा लागतो' यावर भांडू नका. कान बांधा, पायात मोजे चढवा, पाच-दहा मिनिटं कोवळ्या उन्हात बसवा. अंधाऱ्या खोलीत सव्वा महिना काढलेल्या माणसाला सकाळचा उजेड लागतोच. (बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवलेली दिसली तर मात्र स्पष्ट बोला. त्या धुराने विषबाधा होते. खिडकी उघडा, शेगडी बाहेर.)

पहिल्या भेटीत आजाराचं नाव काढू नका. तिच्याजवळ वीस मिनिटं झाली की उठा आणि जाताना दिवस सांगा : "बुधवारी चार वाजता येते."

विचारायचं काय आणि कसं

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, एकांतात, दोन प्रश्न विचारा. गेल्या महिनाभरात सारखं उदास, निराश वाटतंय का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यात आता काहीच वाटत नाही असं झालंय का? यातल्या एकालाही 'हो' आलं, तर एडिनबरा प्रश्नावली वापरा. १९८७ साली खास बाळंतिणींसाठी बनवलेली ही दहा प्रश्नांची यादी आहे. मराठी प्रत मानसोपचार विभागातून घ्या, घरी बसून भाषांतर करू नका. सगळी उत्तरं मागच्या सात दिवसांची. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडून बाकीच्यांचे गुण उलट्या क्रमाने मोजतात. नवख्यांची बेरीज नेमकी इथेच चुकते. साधारण दहा किंवा जास्त आले की लक्ष ठेवायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. तेरा किंवा जास्त आले की डॉक्टरांकडे न्यायचं. कमी गुण आले आणि तुमचं मन मात्र मानत नाही, तेव्हा मनाचं ऐका. सासू शेजारी बसलेली असताना भरलेल्या कागदाला रद्दीची किंमत. आणि हे निदान नव्हे. "तुला नैराश्य आहे" हे वाक्य सखीने कधीच म्हणायचं नाही.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज कितीही असो, तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी पुढची हालचाल. विचारल्याने हे विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. विचारल्याने बहुतेक वेळा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. शब्द सरळ ठेवा : "कधी जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं, मरून जावं असं मनात येतं का?" मग, "बाळाला काही होईल, आपल्या हातून काही होईल, असे विचार येतात का?" हा शेवटचा विचार अनेक जणींना येतो आणि त्या स्वतःच त्याने हादरलेल्या असतात, सुरी लपवून ठेवतात, बाळाला एकटीने अंघोळ घालायला घाबरतात. अशी घाबरलेली आई आणि 'बाळाला मुक्ती द्यायला मला सांगितलंय' असं शांतपणे म्हणणारी आई, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक डॉक्टरांनी ठरवायचा. तुम्ही दोन्ही वेळा कळवायचं. दुसरं असेल तर तिथून हलायचंच नाही.

आजच्या आज करायच्या गोष्टी

तिला एकटं सोडू नका. भ्रम किंवा गोंधळ दिसत असेल तर बाळालाही तिच्याजवळ एकटं ठेवू नका, पण हिसकावूनही घेऊ नका; "थोडा वेळ मी घेते, तू पाणी पी" असं म्हणून घ्या. घरातल्या एका समजूतदार माणसाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं गोठ्यात किंवा माळ्यावर असतात. ती, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, कुलपात किंवा दुसऱ्याच घरी. मग समन्वयकाला फोन, १०८ ला फोन आणि जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठायचं. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. पण रात्रीच्या वेळी जे सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय तेच बरोबर. वाटेत सल्ला हवा असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ : फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरच्यांना दोन भीत्या असतात. एक, पोलीस केस होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असंच धरायचं असतं, तिला शिक्षा करायची नसते. दुसरी, आईला भरती केलं की बाळ तुटेल. त्याच कायद्यात म्हटलंय की भरती झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही; तिच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा त्याच्या भल्यासाठी गरजेचं असेल तरच, आणि तेही तात्पुरतं. हे दोन मुद्दे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, दारात उभं राहून सांगावे लागतात.

दर आठवड्याला काय करायचं

झोप. सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त. सलग चार तास झोप मिळाली की पुढच्या भेटीत समोर वेगळी बाई बसलेली दिसते. अंगावर पिणारं बाळ दोन-तीन तासांनी उठतं, मग सलग चार तास आणायचे कुठून? दोन वाटा आहेत. पहिली : रात्री नऊ-साडेनऊला पाजून ती झोपते. दहा ते दोन बाळ नवऱ्याच्या किंवा सासूच्या ताब्यात. बाळ भुकेने उठलं तर तेवढ्यापुरतं आणून तिच्याजवळ द्यायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं हे सगळं दुसऱ्याने. आई अंथरुणातून उठत नाही. दुसरी : एक वेळचं दूध आधी काढून ठेवायचं. हात धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत. बाहेर चार तास टिकतं, विदर्भातल्या उन्हाळ्यात तेवढंही धरू नका. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, एक दिवस. पाजायचं वाटी-चमच्याने, बाटलीने नको. पहिले काही आठवडे दूध बसत असताना ही वाट धरण्याआधी नर्सबाईंना विचारा.

नवरा म्हणेल, सकाळी ड्यूटी आहे. त्याला रोजचं मागू नका, आठवड्यातल्या तीन रात्री मागा आणि वार कागदावर लिहून घ्या. तीन मागितल्या की दोन मिळतात, दोन पुष्कळ झाल्या.

दिवसा तुम्ही दीड तास बाळ सांभाळू शकता, पण त्याच घरात, बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या नजरेसमोर. बाळाला उंबऱ्याबाहेर नेऊ नका. औषध, गुटी, ग्राइपवॉटर काहीही स्वतःच्या हाताने देऊ नका.

जेवण. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डब्यात असतात, पण ती दिवसभर लाडूवरच असते कारण ताट वाढून घ्यायला उठवत नाही. डब्याची पाळी लावायची तर आठवड्यातून तीन दिवस, तीन घरं, दोन माणसांपुरतं : भाकरी किंवा पोळी, मुगाचं वरण, एक पालेभाजी. घरात काय चालतं हे सासूबाईंना विचारूनच, नाहीतर वांगं पाठवाल आणि अख्खा डबा गायीपुढे जाईल. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. पाकीट उशीखाली न फोडलेलं सापडतं, तेव्हा विचारा. रक्त कमी असणं आणि थायरॉइड बिघडणं हे नैराश्यासारखंच दिसतं, म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर या दोन्ही तपासण्यांची आठवण करा.

एक छोटी गोष्ट. दर भेटीत तिच्याबरोबर आठवड्याचं एकच काम ठरवा, आणि ते तिने ठरवावं : वेणी घालणं, मैत्रिणीला फोन, दारापर्यंत फेरी. झालं तर छान. झालं नाही तर 'काम मोठं ठरलं' असं म्हणून निम्मं करा. 'सकारात्मक विचार कर', 'बाळाकडे बघ, सगळं विसरशील', 'आमच्या वेळी तर शेतात बाळंत व्हायचो' ही तीन वाक्यं तोंडाला कुलूप लावून आतच ठेवा.

डॉक्टरांकडे नेताना

भेटीचा दिवस बाळाच्या लसीला किंवा तिच्या तपासणीला जोडा, घरातून निघणं सोपं जातं. सोबत जुने कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, चालू औषधांची पाकिटं, दोन लंगोट, पाण्याची बाटली. रांग तुम्ही धरा, ती बाळासकट पंख्याखाली बसू दे. आत गेल्यावर तिच्या वतीने बोलू नका. पण ती गप्पच राहिली तर तिच्या परवानगीने तुमच्या वहीतली चार वाक्यं वाचून दाखवा : कधीपासून, झोप किती, जेवण किती, मरणाचे विचार आहेत का.

ती अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना पहिल्याच मिनिटात सांगा. पाजत असताना घेता येतात अशी औषधं आहेत, डॉक्टर त्यानुसार निवडतात. या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. गाडी घसरते ती या काळात : आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद, किंवा सहाव्या आठवड्यात 'बरं वाटतंय' म्हणून बंद, किंवा शेजारणीने 'दुधातून बाळाला गुंगी येईल' म्हटलं म्हणून बंद. या तीनही वेळांना तुमची भेट असलीच पाहिजे. अंगारा-धुपारा, नवस चालू असेल तर चालू द्या. गोळी बंद होत नाही ना एवढंच बघा.

बापाचं काय

साधारण दहातल्या एका बापालाही या काळात नैराश्य येतं. ते रडण्यातून कमी आणि चिडण्यातून, दारूतून, उशिरा घरी येण्यातून जास्त दिसतं. त्याच्याशी बोलायला पुरुष स्वयंसेवक लागतो, आणि बोलणं घरात होत नाही. टपरीवर, गाडी पुसताना होतं. त्याला सल्ला नको असतो, काम हवं असतं. दहा ते दोनची पाळी हेच त्याचं काम आणि बरेचदा त्याचं औषधही. मारहाण होते असा संशय आला तर मात्र नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, राग तिच्यावर निघतो. तिला महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तोंडी पाठ करून द्या आणि समन्वयकाला सांगा.

वही आणि फोन

वहीत नाव नाही, क्रमांक. नाव-पत्त्याची यादी फक्त समन्वयकाकडे, कुलपात. प्रत्येक भेटीच्या चार ओळी : तारीख, झोप, जेवण, धोक्याचं काही. गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणाचंही नाव, घर, बाळाचा फोटो टाकायचा नाही. 'आज खूप छान वाटलं' असं स्टेटससुद्धा नको, गावात कुणाचं घर ते अर्ध्या तासात कळतं. तिचा फोन बहुधा नवरा किंवा दीरही बघतो, म्हणून संदेशात आजाराचा शब्द नको. 'लसीची तारीख कधी?' हा ठरलेला निरोप ठेवा : 'उद्या' असं उत्तर आलं की ती ठीक आहे, 'आठवत नाही' आलं की तुम्ही फोन करायचा.

तिने सांगितलेलं सासूला सांगायचं नाही, सासूने सांगितलेलं तिला सांगायचं नाही. अपवाद एकच, जिवाला धोका. तो अपवाद पहिल्या एकांतातच तिला सांगून ठेवा, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही.

बिघडतं कुठे

सखी उत्साहाने रोज जायला लागते, तिसऱ्या आठवड्यात दमते आणि एकदम बंद होते. आठवड्यातून एक भेट, एक फोन, यापुढे जाऊ नका. दुसरं, पैसे. उसने देऊ नका, औषधाचे सुद्धा. गटाच्या पेटीतून समन्वयक देईल. तिसरं, सखी सुनेची वकील होते आणि सासू दार लावून घेते. चौथं, सखीच रात्री झोपत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी सगळ्यांनी दीड तास एकत्र बसायचं, घराची ओळख न सांगता अडलेलं बोलायचं. तीन महिन्यांतून एकदा मानसोपचार विभागातल्या कुणाला तरी त्या बैठकीला बोलवा. एखादीला 'मला हे घर जमत नाही' म्हणता आलं पाहिजे आणि त्यावर कुणी नाक मुरडू नये.

भेटी थांबवताना

एकदम थांबू नका. झोप-जेवण सुरळीत, प्रश्नावलीचे गुण दोनदा दहाच्या खाली, आणि ती स्वतःहून कुठेतरी जायला लागली, की आठवड्याची भेट पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर न्या. शेवटची भेट कधी आहे हे तिला आधीच्या दोन भेटींत सांगा.

ती सासरी परत जाणार असेल तर तीन फोन करायचे. निघायच्या आधीच्या आठवड्यात तिच्या संमतीने सासरच्या गावच्या आशाताईंना, त्या बाजूला एखादा गट असेल तर तिथल्या समन्वयकाला, आणि ती पोहोचल्यावर चौथ्या दिवशी तिला. पहिल्या दिवशी करू नका, तेव्हा घरात पाहुणे असतात आणि ती 'सगळं छान आहे' म्हणते. चौथ्या दिवशी पाहुणे गेलेले असतात, भांडी तिच्या वाट्याला आलेली असतात, आणि फोन उचलल्यावर ती आधी थोडा वेळ काहीच बोलत नाही. तेव्हा फोन ठेवू नका.